राखेतली माशी

१

सयाजी इंगवलेची रक्षा सावडायला माणसं जमली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. गडमुडशिंगीच्या स्मशानशेडात लोखंडी जाळीखाली शेणींची, म्हणजे गोवऱ्यांची, राख अजून कोमट होती. लाकडाच्या चितेत कोळसे राहतात, शेणीची राख मात्र चाळलेल्या पिठासारखी पडते आणि तिच्यात काही लपत नाही. जे लपवायचं ते आधीच लपवून झालेलं असतं.

सयाजी सोमवारी सकाळी गोठ्यात मेला. धारेच्या वेळी म्हैस बुजली, तिनं त्याला दावणीच्या दगडावर फेकलं आणि डोकं फुटलं, असं घरच्यांनी सांगितलं. गावातल्या डॉक्टरनं तसंच लिहून दिलं. डोक्याला फेटा बांधला होता, तो सोडून बघायचा त्रास त्यानं घेतला नाही. इंगवल्यांच्या दारात आलेला माणूस सांगितलेलं ऐकतो, चहा पितो आणि जातो.

गणपतराव पोवार म्हणजे मयताचे सासरे. डोक्याकडच्या अस्थी खरं तर भावानं उचलायच्या, पण थोरला भाऊ अमरसिंह जिल्हा परिषदेला उभा होता आणि त्याचा फोन थांबत नव्हता. बाप बाळासो शेजारीच उभे होते, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. म्हणून गणपतराव वाकले. कवटीचा तुकडा उचलला तसं त्यातून काहीतरी खाली पडलं. दात असेल म्हणून त्यांनी ते चिमटीत धरलं, तर ते जड होतं.

नखाएवढा पोलादाचा तुकडा होता तो. एक बाजू उतरती, पाठीवर बारीक आडव्या रेघा, आणि खालची कड तुटलेली, बरोबर एका भोकाच्या मधोमध. गणपतरावांनी एकतीस वर्षं पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून काढली होती. रिव्हॉल्वरच्या नळीच्या टोकावर जो उभा दाणा असतो, ज्याच्यावरून नजर नेऊन नेम धरतात, त्याला माशी म्हणतात. असल्या माश्या त्यांनी शेकड्यांनी घासल्या आणि बसवल्या होत्या. डोळे बांधून हातावर ठेवली असती तरी त्यांनी ती ओळखली असती.

त्यांनी मूठ मिटली. म्हशीजवळ रिव्हॉल्वर नसतं.

कडेला बायकांमध्ये त्यांची लेक संयोगिता बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. टिकली काढल्यामुळं कपाळावरची खूण उघडी पडली होती. एक गोल वळ, आणि त्याच्या वरच्या कडेला बारीक खाच. भिंतीवर कपाळ आपटून घेतलं असणार पोरीनं, असं गणपतरावांना वाटलं. बायको गेल्यापासून त्यांना ह्या एका लेकराशिवाय दुसरं कुणी नव्हतं. ज्यानं तिचं कुंकू पुसलं त्याला तिच्या पुढ्यात उभा करीन, अशी त्यांनी तिथंच, राखेत हात असताना, शपथ घेतली.

मग त्यांना कालची दुपार आठवली.

२

काल, म्हणजे मंगळवारी, गणपतराव इंगवल्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात नुसते बसून होते. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती आणि परवान्याची सगळी शस्त्रं बुधवारी दुपारपर्यंत ठाण्यात जमा करायची होती. सुतक असलं तरी ठाण्याला सुतक नसतं. घरात रिव्हॉल्वर दोन. एक बाळासोंचं आणि एक अमरसिंहचं. दोन्ही एकाच बनावटीची, जोडीनं घेतलेली. एकाचा भाग दुसऱ्याला चालायचा.

संयोगिता सासऱ्यांचं रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

"आण्णा, आबांच्या रिव्हॉल्वरची माशी कुठंतरी पडलीया. उद्या जमा करायचं हाय. तेवढी बसवून द्या की. हात कामात असला की तुम्हालाबी बरं वाटंल."

लेकीचा नवरा जाऊन दीड दिवस झालेला, आणि तिला बापाची काळजी. गणपतरावांना भरून आलं. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी हत्यारांची पेटी आणली. पोलादी पट्टीचा तुकडा कापला, कानशीनं घासून त्याला उतार दिला, भोक पाडलं, नळीवरच्या खाचेत बसवून बघितला. तासभर ते सगळं विसरले. संयोगिता शेजारी मांडी घालून बसली होती, लहानपणी बसायची तशी. ती त्यांच्या हातांकडं बघत होती.

शेवटी माशी नळीला धरून ठेवणारी पिन ठोकायची वेळ आली तेव्हा त्यांनी न बघता डावा हात पुढं केला. तिनं त्यावर मेणाचा गोळा ठेवला. शिवणाच्या दोऱ्याला लावायला ती तो जवळच ठेवायची.

ही गणपतरावांची जुनी सवय होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची गगनबावड्याला बदली झाली होती. तिथल्या पावसात माशीची पिन आठ दिवसांत गंजायची, म्हणून ते पिन मधाच्या मेणात घोळवून ठोकायला लागले. पुढं कोल्हापूरला आल्यावरही सोडलं नाही. बाकीचे आर्मरर हसायचे. जिल्ह्यात दुसरा कुणी असलं काही करत नव्हता. पिन मेणात घोळवायचं काम सात वर्षांच्या संयोगिताचं असायचं आणि त्यासाठी ती खेळ टाकून धावत यायची.

आता मुठीत तुटलेली माशी घेऊन गणपतराव स्मशानात उभे होते, आणि हिशोब सरळ होता. सयाजीच्या कवटीत एका रिव्हॉल्वरची माशी मोडली होती. बाळासोंच्या रिव्हॉल्वरची माशी गायब होती. बापानं पोराला ठेचलं होतं, आणि पुरावा बुजवायचं काम मयताच्या सासऱ्याकडनं करून घेतलं होतं.

त्यांनी समोर बघितलं. बाळासो आपले पांढरे पडलेले डोळे बरोबर त्यांच्या मिटलेल्या मुठीकडं लावून उभे होते.

३

"पावणं, मला दिसत न्हाय, पर तुमी सकाळपास्नं माझ्याभवती घोटाळताय ते कळतंय," बाळासो म्हणाले. दुपारचे तीन वाजले होते. अमरसिंह दोन्ही रिव्हॉल्वर जमा करून आला होता. म्हातारा सोप्यात खाटेवर बसून सुपारी कातरत होता. "काय इचारायचं हाय ते इचारा."

"तुमच्या रिव्हॉल्वरची माशी कधी पडली, आबा?"

"मला ताटातली भाकरी दिसत न्हाय, माशी कुठली दिसतीया? खंडेनवमीला काढत्यात, हळदकुंकू लावत्यात, ठिवत्यात. तुमच्या लेकीच्या लग्नाच्या सालात माझी नजर अधू व्हाय लागली, तवा तुमीच माशीला लाल ठिपका लावून दिलतासा. आठवतंय? तिचा नखं रंगवायचा रंग. पुढं त्योबी दिसंना."

"सयाजीचं आणि तुमचं बरं होतं?"

"न्हवतं. थोरल्याच्या इरोधात अर्ज भरतो म्हणत हुता. गावभर आमची लाज काढली असती." सुपारीचं खांड अडकित्त्यात फुटलं. "पर मी मारलं असतं तर गोळी घालून मारलं असतं. ठोकून माराय मी काय गवंडी हाय?"

गणपतराव खाटेजवळ सरकले. ठोकून मारलं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"फेटा कुणी बांधला? म्या बांधला. बोटास्नी मोतीबिंदू हुत न्हाय. तीन ठिकाणी खचलंतं डोस्कं. म्हैस तीनदा आपटती व्हय?"

"आणि तुम्ही गप्प बसलासा?"

"एक गेला. दुसऱ्यालाबी घालवू? म्हैन्यावर मतदान आलंय." म्हाताऱ्यानं सुपारी तोंडात टाकली आणि चघळायला लागला. पोटच्या पोराचं फुटलेलं डोकं चाचपून त्यावर नीट फेटा बांधणारा माणूस गणपतरावांनी उभ्या नोकरीत बघितला नव्हता. आणि तरी त्यांना एक गोष्ट मान्य करावी लागली. ज्याला पिनेचं टोक दिसत नाही, तो माशी काढू शकत नाही आणि मोडलेली झाकूही शकत नाही.

बाळासोंना वाटत होतं की हे काम अमरसिंहचं.

अमरसिंह प्रचाराला निघायच्या घाईत होता. पांढरा सदरा, कपाळाला घाम. "रविवारी भांडलो, मामा. कोण भांडत न्हाय? सोमवारी सकाळी मी झोपलो हुतो. सात वाजता गगनबावड्याला निघायचं हुतं, तेवढ्यात गोठ्यातनं संयोगितानं हाक मारली."

"तुमचं रिव्हॉल्वर कुठं होतं?"

"कपाटात. किल्ली देव्हाऱ्यातल्या डब्यात असती, सगळ्या घराला ठाऊक हाय. सयाजीच माझ्या माघारी काढायचा आणि मिरवायचा. चारदा बोललो त्याला. पर त्या दिवशी आपल्या जागेवर हुतं, नीट हुतं. मी रोज बघतो की."

कुणापुढं मिरवायचा, हे विचारायचं गणपतरावांना सुचलं नाही.

अमरसिंहची बायको वर्षाराणी परड्यात शेजारणीनं आणून दिलेल्या भाताचं पातेलं घासत होती. तिच्याकडं ते उगाच गेले, आणि तिनं मान वर न करता सांगितलं, "मामा, आमच्याकडं काय शोधताय? तुमच्या लेकीला इचारा की, कपाळाला काय झालंय."

"दुःखात माणूस कपाळ आपटून घेतं, पोरी."

वर्षाराणीनं पातेलं पालथं घातलं. "गेल्या दिवाळीतबी आपटलं हुतं व्हय तिनं?"

जावाजावांचं वैर, अशी गणपतरावांनी मनाशी समजूत घातली आणि ते परड्यातून बाहेर पडले. ज्या माणसाला शेकडो माश्या डोळे मिटून ओळखता यायच्या, त्याला समोर ठेवलेली गोष्ट दिसली नाही. पण म्हाताऱ्याचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात टोचत राहिलं. लाल ठिपका.

४

ठाण्याचा इन्स्पेक्टर उन्मेष सबनीस नवखा असताना गणपतरावांच्या हाताखाली रिव्हॉल्वर उघडायला शिकला होता. त्यानं तुटलेला तुकडा टेबलावर बघितला, तीन जागी खचलेल्या डोक्याची गोष्ट ऐकली, आणि काही न बोलता मालखान्यातून दोन्ही रिव्हॉल्वर मागवली.

"हे बाळासोंचं. नवी माशी, माझीच." गणपतरावांनी ते बाजूला सारलं आणि दुसरं उचललं. "हे अमरसिंहचं. माशी जुनी. कुणीही म्हणंल, हिला काय झालेलं नाही."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि नळी खिडकीकडं धरली. माशीच्या पाठीवरच्या रेघांत मळ होता, तेल होतं. आणि तळाच्या दोन रेघांत लाल काहीतरी चिकटून राहिलं होतं. सुईच्या टोकानं त्यांनी ते उकरलं. नखपॉलिश.

"साहेब, हा ठिपका मी बाळासोंच्या माशीला लावला होता. अमरसिंहच्या रिव्हॉल्वरला मी जन्मात हात लावलेला नाही. मग बाळासोंची माशी अमरसिंहच्या नळीवर कशी आली?"

उन्मेष खुर्चीत पुढं सरकला.

"सयाजीला अमरसिंहच्या रिव्हॉल्वरनं मारलं. मूठ धरून नळीनं हाणलं, तीनदा, आणि माशी कवटीत मोडली. आता ते रिव्हॉल्वर अमरसिंहच्या रोजच्या हातातलं. ते बुधवारी जमा व्हायचं, आणि जमा करताना हवालदार सगळं तपासून पावतीवर लिहितो. म्हणून मारणाऱ्यानं आंधळ्या म्हाताऱ्याच्या रिव्हॉल्वरची चांगली माशी काढली आणि ह्याला बसवली. म्हाताऱ्याचं बोडकं राहिलं. बोडकं का, तर जुनं झालं, पडली कुठंतरी. आणि नवी बसवायला घरात फुकटचा आर्मरर बसलेलाच होता."

अमरसिंहला उचगावच्या कोपरासभेतून उठवून आणलं. हार गळ्यातच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो उन्मेषशी नाही, गणपतरावांशी बोलला.

"मामा, मला गॅसचा रेग्युलेटर बदलता येत न्हाय. वर्षाराणीला इचारा. ही एवढीशी पिन काढून मी माशी बसवली?"

"जीव वाचवायला माणूस काहीही शिकतो," गणपतराव म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं तेव्हा. खरं सांगायचं तर मजा वाटली होती. हार घातलेला माणूस घामानं भिजताना बघायला मिळाला होता.

निरोप घेऊन गणपतराव गडमुडशिंगीत पोचले तेव्हा बाळासो खाटेवरच होते. "दोन्ही पोरं घेतलीसा, पावणं," एवढंच म्हणाले, आणि अडकित्ता चाचपायला लागले. तो त्यांच्या मांडीवरच होता.

गणपतराव लेकीपाशी गेले. "ज्यानं केलं तो सापडला, पोरी."

संयोगितानं त्यांच्याकडं बघितलं. "कशाला शोधलासा, आण्णा?" ती म्हणाली.

५

तेराव्यानंतर गणपतराव तिला उचगावला आपल्या घरी घेऊन आले. तिनं दोन दिवसांत घर झाडून काढलं, आईच्या फोटोची काच पुसली, आणि परसात दोडक्याचा वेल चढवायला काठ्या रोवल्या. ती नीट जेवत होती. कित्येक वर्षांनंतर पोरगी घरात आहे, एवढ्यानं गणपतरावांना रात्री झोप लागायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी उन्मेषनं बोलावलं. अमरसिंहच्या रिव्हॉल्वरची माशी सुटी करून प्रयोगशाळेला पाठवायची होती. "तुमच्याशिवाय कुणाचा हात लावू देणार नाही," तो म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

गणपतरावांनी नळी फडक्यावर ठेवली. पिन काढायचा पंच लावला, हातोडीचे दोन हलके टोले दिले. पिन अर्धी बाहेर आली, ती त्यांनी चिमट्यानं ओढली.

पिनेला मेण होतं.

नवं, मऊ मेण. नखानं दाबलं की वळत होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं. मधाचा वास आला.

खोलीत पंखा फिरत होता. गणपतराव पिन धरून बसून राहिले. ह्या रिव्हॉल्वरला त्यांनी हात लावलेला नव्हता. बाळासोंच्या जुन्या माशीला त्यांनी फक्त ठिपका लावला होता, तिची पिन कधी काढली नव्हती. जिल्ह्यात पिन मेणात घोळवून ठोकणारा माणूस एकच होता. आणि त्या माणसानं ते काम एकाच शिष्याला शिकवलं होतं.

मग बाकीचं सगळं आपोआप आलं. न मागता हातावर आलेला मेणाचा गोळा. गॅसचा रेग्युलेटर. वर्षाराणीची दिवाळी. सयाजी काढायचा आणि मिरवायचा. त्यांनी पिन खाली ठेवली, माशी बोटानं खाचेत दाबून धरली आणि रिव्हॉल्वरची नळी, किंचित वाकडी करून, स्वतःच्या तळहातावर जोरात दाबली. उचलली. तळहातावर गोल वळ उठला होता, आणि त्याच्या वरच्या कडेला बारीक खाच.

उन्मेष चहा घेऊन आला तेव्हा गणपतरावांनी माशी पाकिटात घातली होती. पिन त्यांच्या खिशात होती.

"पिन?"

"घासून काढावी लागंल. उद्या आणून देतो," गणपतराव म्हणाले. एकतीस वर्षांत शस्त्रागारातून त्यांनी साधा स्क्रूसुद्धा घरी नेलेला नव्हता.

६

संयोगिता परसात होती. वेलाला सुतळी बांधत होती. गणपतरावांनी खिशातून पिन काढून तिच्यासमोर धरली. तिनं ती बघितली आणि सुतळीची गाठ पुरी केली.

"मेण लावायला नको हुतं," ती म्हणाली. "पर हातच तसा पडला. बिनमेणाची पिन ठोकाय मी कधी शिकलोच न्हाय." कोल्हापूरच्या पोरी स्वतःला पुरुषासारखंच 'आलो-गेलो' म्हणतात, तिचं ते बोलणं ऐकून तिची आई हसायची, ते गणपतरावांना नको त्या वेळी आठवलं.

"काय झालं त्या सकाळी?"

"रोजचंच. धारेच्या टायमाला यायचा, भावजींचं रिव्हॉल्वर घेऊन. कपाळाला लावायचा आणि घोडा ओढायचा. गोळ्या असायच्या का न्हाय ते सांगायचा न्हाय, त्यातच त्याला मजा. मी हललो तर चरवी उलटायचा आणि परत धार काढ म्हणायचा. म्हशीला पान्हा फुटंना की मला मारायचा." ती दुसऱ्याच कुणाचं सांगत असल्यासारखी बोलत होती. "त्या दिवशी फोन आला त्याला. रिव्हॉल्वर दावणीवर ठेवलं आणि पाठ केली. मी बोट घोड्याच्या बाहेर ठेवून उचललं, तुम्ही शिकवलं तसं. दुसऱ्या टोल्यालाच पडला तो. तिसरा मी उगंच मारला."

"मग माशी बदललीस."

"भावजींच्या ध्यानात आलं असतं. आबांना दिसत न्हाय. भावजी गडबडीत माणसं गोळा करत हुते, तवर बदलली. दाभण आणि वरवंटा."

"आणि आबांचं माझ्याकडं आणलंस. माझ्याकडं."

"व्हय." तिनं पहिल्यांदा नीट वर बघितलं. "मला वाटलं, तुम्ही बसवताना इचाराल. एवढी घट्ट माशी पडती कशी, पोरी? तुम्ही इचारलं असतंसा तर मी सांगणार हुतो. तासभर शेजारी बसलो की. तुम्ही मान खाली घालून घासत बसलासा."

गणपतरावांना बसावंसं वाटलं, पण परसात बसायला काही नव्हतं. "मला सांगायचं हुतंस आधी."

"तीनदा आलतो, आण्णा. पहिल्या खेपेला तुम्ही म्हणालासा, नवं नवं असंच असतं. दुसऱ्या खेपेला म्हणालासा, एक मूल झालं की सुधारंल. हे कपाळ दाखवलं तुम्हाला. तुम्ही म्हणालासा, टिकली मोठी लाव." तिनं सुतळीचं टोक दातानं तोडलं. "तिसऱ्या खेपेला काय म्हणालासा, आठवतंय?"

त्यांना आठवत होतं.

"चपला घाल, सोडून येतो. एवढंच. तिन्ही खेपेला शेवटाला तेवढंच. आणि फाटकात सोडून गाडी वळवायचासा. इंजिनबी बंद करायचा न्हाईसा, आत बोलावतील आणि काय इचारतील म्हणून."

पिन त्यांच्या बोटांत होती. धोतराच्या सोग्यानं एकदा पुसली असती तर झालं असतं. मेण गेलं की दाभणानं ठोकलेली ती एक साधी पिन होती आणि अमरसिंह जन्मभर आत बसला असता. संयोगितालाही ते कळत होतं. तिची नजर त्या सोग्यावर होती.

"अमरसिंहनं काय केलेलं न्हाय," गणपतराव म्हणाले.

"न्हाय की. गोठ्याच्या दारातनं बघायचा आणि चहा झाला का इचारायचा. तेवढंच."

वेलाला एक पिवळं फूल आलं होतं. आत कुकरची शिटी झाली. तिनं दोघांचा भात लावला होता.

गणपतरावांनी एकतीस वर्षांत एकही खोटी नोंद केलेली नव्हती. ह्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि आता त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं. लेक नको तेव्हा त्यांनी सोडून दिली होती, आणि हवी झाली तेव्हा त्यांच्या हातात पिन होती. त्यांनी ती कागदात गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली.

"चपला घाल," ते म्हणाले. "सोडून येतो."

संयोगिता हसली. फार नाही, एवढंसंच. तिनं आत जाऊन गॅस बंद केला, हात धुतले, आईच्या फोटोपुढं क्षणभर उभी राहिली आणि चपला घालून आली. स्कूटरवर ती मागं बसली, पण नेहमीसारखा त्यांच्या खांद्याला हात लावला नाही.

उचगावातून ठाण्यापर्यंत वीस मिनिटं लागतात. रस्त्यात अमरसिंहचे फोटो असलेले फलक अजून लटकत होते. रेल्वेच्या फाटकाशी थांबायला लागलं तेव्हा ती मागून म्हणाली, "ह्या खेपेला आत येणार हायसा, का फाटकातनंच फिरणार?"

मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत गणपतरावांनी उत्तर दिलं नाही, आणि ती गेल्यावर दिलं असतं तर ऐकू आलं असतं.

ठाण्याच्या फाटकात त्यांनी गाडी थांबवली. ती उतरली आणि तिनं हात पुढं केला. त्यांनी वरच्या खिशातली पुडी काढून त्या हातावर ठेवली. तिनं पदर सारखा केला आणि मागं वळून न बघता पायऱ्या चढली. दारातल्या शिपायानं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं, त्यानं तिला वाट दिली. गणपतराव हँडल धरून बसले होते.

बऱ्याच वेळानं शिपाई खाली आला आणि म्हणाला, "पावणं, गाडी बंद करा की. मघापास्नं चालूच हाय."